सात नंबरची हाक

ऑफिसात तिला सगळे थांबाताई म्हणत. कुणी टेबलाजवळ आलं की पडद्यावरची नजर न काढता ती डाव्या हाताचं एक बोट वर करायची आणि म्हणायची, "थांबा." ते बोट खाली येईपर्यंत आलेला माणूस तिथंच खांबासारखा उभा. साहेब आले तरी बोट वर, चहावाला आला तरी बोट वर. फरक इतकाच की चहावाल्यासाठी ते जरा लवकर खाली यायचं. नव्या लोकांना याचा राग यायचा, जुन्यांच्या अंगवळणी पडलं होतं. एकदा साहेबांनीही कंटाळून आपलं बोट वर केलं आणि ते तसंच धरून समोर उभे राहिले, पण त्यातली चेष्टा तिच्या लक्षातच आली नाही. साहेबांचं बोट दुखलं तेवढंच.

गंमत अशी की ही बाई दिवसभर काम करायची तेही असलंच. आल्या-गेल्याला दारात थांबवायचं, कुणाची घाई खरी आणि कुणाची खोटी ते ओळखायचं आणि योग्य वेळी आत सोडायचं. हे आले-गेलेले म्हणजे माणसं नव्हेत, यंत्रं. हे काम काय असतं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको.

कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर असतो. सगळं काम तोच करतो आणि खाली मान घालून करतो. पण कुणी कीबोर्डचं बटण दाबलं, डिस्कनं मागवलेली माहिती आणून ठेवली, घड्याळाचा ठोका पडला, की त्याला मध्येच हटकावं लागतं. सगळे एकदम त्याच्या अंगावर धावून गेले तर बिचाऱ्याचं डोकं फिरेल. म्हणून दारात एक चिप बसवलेली असते. दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेर टेबल टाकून बसलेल्या बाई असतात ना, तसं तिचं काम. बाहेर गलका झाला की ती आत एवढंच कळवते, कुणीतरी आलंय. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून विचारतो, कोण? ती नंबर सांगते. एक म्हणजे कीबोर्ड, चार म्हणजे अमुक, सहा म्हणजे तमुक. ते काम उरकलं की प्रोसेसर सांगतो, झालं, पुढचा पाठव. या चिपला इंटरप्ट कंट्रोलर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण धंदा दारावर बसण्याचाच.

थांबाताई खरा कंट्रोलर बनवत नव्हती. ती खोटा बनवायची. जुने कॉम्प्युटर मरतात, पण त्यांच्यावर चालणारे प्रोग्राम मरायला तयार नसतात, आणि त्यांच्यावर कुणाकुणाची पोटं अवलंबून असतात. मग नव्या कॉम्प्युटरच्या आत एक लटका जुना कॉम्प्युटर उभा करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यातला कीबोर्ड लटका, डिस्क लटकी, घड्याळ लटकं आणि दारावरची बाईही लटकी. आत बसलेल्या जुन्या प्रोग्रामला मात्र शेवटपर्यंत वाटलं पाहिजे की आपण आपल्या जुन्याच घरात आहोत. थांबाताईच्या कंपनीचा हाच व्यवसाय होता, आणि दारावरची लटकी बाई हे तिचं एकटीचं खातं.

तिला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. खऱ्या चिपमध्ये एक खोड होती. कधीकधी असं व्हायचं की बाहेरून कुणीतरी हाक मारायचं, चिप आत कळवायची, आणि प्रोसेसर 'कोण?' म्हणून विचारायला येईपर्यंत हाक मारणारा गप्प झालेला असायचा. आता चिपची पंचाईत. 'कुणी नाही' असं सांगायची सोयच तिला ठेवलेली नव्हती. मग ती ठोकून द्यायची, सात. सात नंबरला कुणी असो वा नसो, उत्तर सात. थांबाताईला हा शुद्ध गावठीपणा वाटे. चिपच्या माहितीपुस्तकात हे सगळं छापलेलं होतं, तिनं ते वाचलंही होतं, पण नाक मुरडून. तिची लटकी बाई असं कधी करत नसे. हाक मारणारा गप्प झाला तर ती हाक गुपचूप मागं घ्यायची, आणि आतल्याला पत्ताही लागू द्यायची नाही. माझ्या दारावर खोटी हाक नाही, असं ती मीटिंगमध्ये सांगायची, तेव्हा तिची मान जरा ताठ व्हायची.

एवढं ऑफिसचं झालं. खरी गोष्ट घरची आहे.

थांबाताईच्या सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक माग. त्या मागावर त्या फिती विणत. पोशाखांच्या कडेला लावायच्या, वेलीवर पानामागून पान येत जाणाऱ्या फिती. सासरे गेल्यानंतर मुलांनी माग विकायचं सुचवलं होतं, तेव्हा सासूबाईंनी नुसतं बघितलं होतं, आणि तो विषय तिथंच बारगळला होता. माग चालवायला एक कॉम्प्युटर होता, इतका जुना की त्याचा रंग मूळचा कोणता याबद्दल घरात दोन मतं होती. ज्या कंपनीनं त्याचा प्रोग्राम लिहिला ती कधीच बुडाली होती. सासूबाई रोज सकाळी त्याच्या डोक्यावर एक थाप मारत, मग तो चालू होई. एके दिवशी थाप मारली तर आतून धूर आला.

धुराची बातमी कळताच दोन्ही मुलगे कामाला लागले. थांबाताईचा नवरा थोरला, दीर धाकटा. दोघंही चांगले, आईवर जीव असलेले, आणि म्हणूनच ऐकण्याच्या पलीकडचे. आता पुरे, आईनं आयुष्यभर कष्ट केले, आता तिनं थोरल्याकडं यावं, आराम करावा, असं दोघांनी ठरवून टाकलं. आईला विचारायचं तेवढं राहून गेलं. नवऱ्यानं घरातली मागची खोली रिकामी केली, पलंग आणला, खिडकीला पडदा लावला आणि रोज त्या खोलीत उभा राहून समाधानानं बघायला लागला. दिरानं भंगारवाला ठरवला. आठवडा संपता संपता तो येऊन माग घेऊन जाणार होता.

थांबाताईला हा बेत मुळीच नको होता. सासूबाई वाईट होत्या असं नाही. पण दोघी एका स्वयंपाकघरात मावत नव्हत्या. मागं एकदा त्या थोडे दिवस राहायला आल्या होत्या. त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासली. झाकणं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेली. थांबाताईनं ती परत आणली, त्यांनी परत नेली, आणि दोघींपैकी कुणी त्यावर एक शब्द काढला नाही. एकदा थांबाताई घरून काम करत असताना सासूबाई काहीतरी विचारायला आल्या आणि सवयीनं तिचं बोट वर गेलं. ते बोट सासूबाईंनी अजून माफ केलेलं नव्हतं. नवऱ्याला यातलं काही दिसलं नाही. भांडण झालं नाही म्हणजे सगळं छान, अशी त्याची समजूत.

अशात सासूबाईंचा फोन आला. त्यांनी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं की तू ते जुन्याची नक्कल करणारं काहीतरी करतेस म्हणे, ते माझ्या मागाला बसेल का. थांबाताईनं क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. मग तिनं साहेबांची परवानगी काढली. साहेबांनाही खऱ्या जुन्या यंत्रावर आपला माल तपासून हवाच होता, म्हणून त्यांनी एक कॉम्प्युटर आणि मागाशी जोडणीचा डबा देऊन टाकला. घरी तिनं सांगितलं की आईंचं मन तिथं रमतं, तोडू नये. नवऱ्याला गहिवरून आलं. तिच्या मनात सासूबाईंचं मन रमवण्यापेक्षा आपलं स्वयंपाकघर वाचवण्याचा हेतू जास्त होता, पण गहिवरलेल्या माणसाला हे सांगणं बरं दिसत नाही.

दिरानं मात्र अट घातली. तो स्वभावानं व्यवहारी होता.

"वहिनी, करा प्रयत्न. पण भंगारवाला ठरल्या दिवशी येणार. त्याच्यासमोर माग बिनचूक चालला तर राहील. नाहीतर माग त्याच्या टेम्पोत आणि आई तुमच्या गाडीत."

पहिलं काम झटक्यात झालं. जुन्या डिस्कवरून प्रोग्राम निघाला. थांबाताईनं तो ऑफिसात आपल्या लटक्या कॉम्प्युटरात बसवला आणि टेबलावर मागाच्या ऐवजी एक बटण जोडून तपासला. मागात प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक लहान पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, खालच्या दांडीला टेकते आणि हाक जाते. हाक गेली की माग थांबला पाहिजे, नाहीतर तुटक्या धाग्यानिशी तो विणत सुटतो आणि वेलीवरचं पान गळून जातं. थांबाताईनं पट्टीच्या ऐवजी बटण दाबलं. माग थांबवायचा हुकूम आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. तिनं सगळं दाबून बघितलं, आणि बटण दाबायची तिची पद्धत अशी सभ्य की समोरच्याचं ऐकून होईपर्यंत बोट काढायचं नाही.

प्रोग्राम चाळताना तिला त्यात सात नंबरसाठी लिहिलेला एक तुकडा दिसला होता. सात नंबर त्या काळी छपाईयंत्राचा असे. सासूबाईंच्या शेडमध्ये छपाईयंत्र कधीच नव्हतं. जुन्या घरात कुणीतरी विसरून गेलेली ट्रंक असावी तसा तो तुकडा असणार, असं समजून तिनं तो उघडूनही पाहिला नाही.

शेडमध्ये नवा कॉम्प्युटर जोडला तेव्हा माग पहिल्या झटक्यात चालू झाला. सासूबाईंनी सवयीनं त्याच्या डोक्यावर थाप मारायला हात उचलला आणि थांबाताईनं तो वरच्या वर धरला. माग खडखडत चालला, फीत बाहेर पडायला लागली, पानामागून पान. सासूबाईंनी चहात साखर जास्त घातली. थांबाताई गाडीत बसली ती शीळ घालतच. मागच्या खोलीत नवऱ्यानं टांगलेला पडदा आता उतरवायला हरकत नाही, असं ती मनाशी म्हणत होती.

त्यानंतरच्या दिवसांत सासूबाईंचे फोन यायचे. एक-दोन वेळा वाजायचे आणि बंद व्हायचे. थांबाताईचं फोनच्या बाबतीत पक्कं तत्त्व होतं. वाजतोय तोवर उचलायचा, बंद झाला की विषय संपला. काम असतं तर माणूस वाजवत राहिला असता. तिनं एकदाही उलटा फोन केला नाही, आणि फोन बंद होतोय म्हणजे माग चालतोय असा सोयीस्कर अर्थ काढून ती निर्धास्त राहिली.

भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी दुपारी ती सहज चक्कर मारायला म्हणून शेडमध्ये गेली. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. माग बंद होता. पायाशी फितींचा ढीग पडला होता, आणि त्या ढिगातली फीत न फीत वाया गेलेली होती. थोडं अंतर वेल नीट, मग एक पान गायब, मग नीट, मग पुन्हा गायब. कुठं कुठं तर नुसता देठ लांबच लांब गेलेला होता.

 थांबाताईनं आधी धाग्याला दोष दिला. सासूबाई म्हणाल्या धागा नेहमीचाच. मग तिनं पट्ट्यांना दोष दिला. पट्ट्या खरंच झिजलेल्या होत्या, काही तर नखाएवढ्या हलक्या झाल्या होत्या. पण त्या तर जुन्या कॉम्प्युटरच्या वेळीही झिजलेल्याच होत्या आणि तेव्हा माग थांबायचा. मग तिनं जोडणीचा डबा उघडला, बंद केला, उघडला. कधी धागा तुटल्यावर माग थांबत होता, कधी नाही. या 'कधी'सारखं वाईट काही नसतं. जे नेहमी बिघडतं ते सापडतं, जे कधीमधी बिघडतं ते माणसाला रडवतं. ती आता रडायच्या बेतालाच आली होती, आणि तेवढ्यात तिच्यातली सून जागी झाली.

"आई, इतका माल वाया जाईपर्यंत मला सांगायचं नाही का?"

"फोन केले होते की."

"ते तर वाजून बंद झाले. मला वाटलं, काम झालं."

सासूबाईंनी हातातली फीत गुंडाळली, उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

"काम झालं म्हणून नव्हता ठेवला. तू कामात असशील, बोट वर करशील, म्हणून ठेवला. मी फोन ठेवला म्हणून काय तुटलेला धागा आपोआप जोडला जातो? वाजला होता ना एकदा? मग कुणाला तरी काहीतरी झालंय, एवढं तरी कळायला नको?"

थांबाताई सणसणीत उत्तर देणार होती.  पण 'वाजला होता ना एकदा' हे शब्द तिच्या डोक्यात अडकले. मग ती मागाच्या खाली वाकली, आणि सासूबाईंना माग चालू करायला सांगून एका हलक्या पट्टीकडं टक लावून बसली. धागा तिनं स्वतः तोडला. पट्टी पडली, दांडीला टेकली, आणि मागाच्या थरथराटानं तत्क्षणी उडाली. पुन्हा टेकली, पुन्हा उडाली. हाक गेली आणि गप्प झाली. प्रोसेसर विचारायला येईपर्यंत दारात कुणी नाही. आणि थांबाताईची सुसंस्कृत लटकी बाई प्रत्येक वेळी ती हाक गुपचूप मागं घेत होती.

तिनं तिथंच, फितींच्या ढिगाशेजारी बसून, तो न उघडलेला सात नंबरचा तुकडा उघडला. त्यात छपाईचं काही नव्हतं. सात आला की आधी माग थांबव, एवढंच त्यात होतं. माग थांबला की थरथर थांबते, थरथर थांबली की उडणारी पट्टी निमूट दांडीवर बसते, आणि मग तिची खरी हाक खऱ्या नंबरानं येते. त्या बुडालेल्या कंपनीतल्या कुणीतरी चिपची खोड गृहीत धरूनच सगळा संसार मांडला होता. थांबाताईनं खोड काढली आणि संसार मोडला.

आपण चुकलो याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. चुका तिच्या धंद्यात रोजच्याच. पण आपण जिथं शहाणपणा केला नेमकी तिथंच चूक निघावी, हे मात्र तिला फार झोंबलं. नक्कल करणाऱ्यानं मूळ माणसाची तोतरी बोली सुधारून दाखवली तर ती नक्कल राहत नाही, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, तेव्हा बोट वर असेल.

दुरुस्ती तशी लहान होती. ज्या ओळींवर ती मीटिंगमध्ये मान ताठ करायची, त्याच काढायच्या आणि त्यांच्या जागी लिहायचं, की हाक मारून कुणी गप्प झालं तर सात म्हणून सांग. ते लिहिताना तिचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता. सासूबाईंनी विचारलं, काय करतेस. ती म्हणाली, गावठीपणा. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून धागे तोडले आणि जोडले. माग थांबत होता. पण आधीही तो कधीकधी थांबतच होता, त्यामुळं घरी जाताना थांबाताईला शीळ काही सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मुलगे, भंगारवाला आणि त्याचा तराजू असे सगळे शेडमध्ये हजर झाले. नवऱ्यानं आईची पेटी गाडीत ठेवायला म्हणून मागची डिकी आधीच उघडून ठेवली होती. सासूबाईंनी ती उघडी डिकी पाहिली आणि त्या मागाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. थांबाताईनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. एरवी धाग्याला गाठ मारताना न हलणारा तो हात पदराचं टोक चुरगाळत होता. आणि त्या क्षणी स्वयंपाकघर, झाकणं, पलंग, पडदा हे सगळं तिच्या डोक्यातून उडून गेलं. या बाईला इथून हलवलं तर ती आपल्या घरी आराम करणार नाही, नुसती बसून राहील, हे तिला लख्ख दिसलं.

माग चालू झाला. वेल निघायला लागली. दीर बाह्या सरसावून पुढं आला, त्यानं धाग्यांवरून नजर फिरवली आणि मुद्दाम सगळ्यात झिजलेल्या पट्टीचा धागा निवडला. तो लहानपणापासून या शेडमध्ये वाढला होता, त्याला खोडी कुठं काढायची ते बरोबर ठाऊक होतं. कात्रीनं त्यानं धागा कापला.

पट्टी पडली, टेकली आणि उडाली. माग चालतच होता. थांबाताईनं डोळे मिटून घेतले. एक खडखड, आणखी एक खडखड, आणि मग शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर टेम्पोवाल्याचं खोकणं ऐकू आलं. तिनं डोळे उघडले. माग थांबला होता, पट्टी दांडीवर मुकाट्यानं बसली होती आणि धागा तुटलेल्या रांगेचा लाल दिवा लागला होता.

दिरानं आणखी दोन धागे कापले. पुढं आणखी कापणार होता, पण सासूबाईंनी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली. धागा फुकट येत नाही, असं त्यांनी त्याला सुनावलं. फितीवर पान एकही गळलं नव्हतं. दीर ती उलटसुलट करून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला की वहिनी, मानलं. नवरा एकदा मागाकडं आणि एकदा उघड्या डिकीकडं बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता की त्याला आनंद झालाय की त्याचा पलंग वाया गेलाय ते सांगणं कठीण. भंगारवाल्यानं मात्र मधला मार्ग काढला. माझी खेप फुकट कशाला, म्हणून तो कोपऱ्यातला धूर निघालेला जुना कॉम्प्युटर उचलून घेऊन गेला. नवरा आणि दीर ते ओझं टेम्पोत चढवायला मदत म्हणून बाहेर गेले.

शेडमध्ये दोघीच उरल्या. सासूबाई कापलेले धागे जोडायला बसल्या होत्या. थांबाताईला खरं म्हणजे गप्प राहता आलं असतं. सगळं गोड झालं होतं, गहिवर टिकून होता. पण सकाळपासून तिच्या मनात काहीतरी ठसठसत होतं, आणि ते बोलल्याशिवाय तिला चैन पडेना.

"आई, एक सांगते. मी हे सगळं तुमच्यासाठी केलं असं हे म्हणतात. पण खरं तसं नाही. तुम्ही आमच्याकडं कायमचं राहायला यावं असं मला वाटत नव्हतं."

सासूबाईंनी मान वर केली नाही. त्यांची बोटं गाठ मारत होती.

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तुला फोन केला."

"म्हणजे?"

"पोरांना सांगितलं असतं तर त्यांनी मायेनं मला उचलून नेलं असतं. ते दोघं, खडखडीला कंटाळलेले शेजारी, तो भंगारवाला, सगळ्यांना मी इथून निघायला हवं होतं. मी इथंच राहावं असं मनापासून वाटणारी तू एकटीच होतीस गं."

थांबाताईला हसू आलं. ते हसू मध्येच कुठंतरी अडकलं आणि डोळ्यांतून बाहेर पडायला लागलं. सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही, निदान पाहिल्याचं दाखवलं नाही. त्यांनी नुकती जोडलेली गाठ ओढून बघितली, आणि धाग्याचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

"घट्ट धर," त्या म्हणाल्या. "अजून एक राहिलाय."